चौधरी फिटर आणि आईचा गुडघा

आधी नाव सांगते, मग काय झालं ते. नाव चौधरी फिटर. राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, आमच्या जिन्याच्या खालीच. माझी आई आज कुणाचा हात न धरता जिना उतरते ती या माणसामुळे. हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नाही. बोलले तर "रिकामं बोलू नको, आधी तो नळ टाइट कर" असं ऐकावं लागेल. म्हणून लिहिते.

चौधरी फिटर कुठेही गेले की आधी खुर्ची हलवून बघतात. लग्न असो, बारसं असो, नाही तर कुणाच्या घरी दुःखाला भेटायला गेलेले असोत. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरायची, पुढेमागे झुलवायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, आणि मग घरातल्या सगळ्यांना कळेल असा निकाल द्यायचा: "प्ले हाये!"

जोड ढिला पडून दोन तुकडे आपापसात हलायला लागले की फिटर लोक त्याला प्ले म्हणतात. चौधरी कागदाच्या मिलमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. तिथे म्हणे रोल केसाएवढा सरकला तरी कागद फाटायचा आणि अख्खी पाळी यांच्या नावाने बोंबलायची. रिटायर झाले, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी अजून फिलर गेज असतो. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, चाकूसारखा उघडतो. कुठेही फट दिसली की पातं आत सारून मोजणार. दाराची फट, कपाटाची फट. एकदा माझ्या पोळपाटाखाली घातला आणि म्हणाले, "अर्धा सूत. म्हणून तुझ्या पोळ्या एका बाजूने जाड." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पोळ्यांचं मात्र खरं होतं, त्याचा मला जास्त राग आला.

आणि स्वतः त्यांचा राग! ढिली वस्तू दिसली तर आपण म्हणतो, बघू कधीतरी. त्यांना तो अपमान वाटतो. कुणीतरी मुद्दाम, त्यांना चिडवण्यासाठी, तो स्क्रू अर्धवट पिळून ठेवलाय असं.

गल्लीत एकांकडे सत्यनारायण होता. भटजींची कथा चालू. चौधरी मागच्या ओळीतून उठले, माणसांच्या मांड्यांवरून पाय टाकत थेट पूजेपाशी गेले आणि चौरंगाला बोट लावलं.

"महाराज, थांबा. देव हालून राह्यला."

"अहो चौधरी, कथा मधेच मोडू नये."

"कथा नाही मोडत, चौरंग मोडते! प्ले हाये इथं. तुम्हाले चालते? मले नाही चालत."

विड्याचं एक पान दुमडून त्यांनी पायाखाली सारलं, परत चौरंग हलवून पाहिला, आणि "हं, आता सांगा" म्हणून जागेवर येऊन बसले. भटजींनी उरलेली कथा डोळे मिटून सांगितली. भक्तीने की रागाने, ते विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

रिक्षावाले तर त्यांना पाहून दुसऱ्या गल्लीत वळतात. कारण हे आधी हँडल हलवणार. "चाचा, बैठना है के नहीं?" "तेरे हँडल में प्ले है. शनवारे तक नहीं पहुंचेगा तू." मग तो रिक्षावाला शनवाऱ्याच्या चौकात पोचला की नाही याची संध्याकाळी चौकशी करणार. पोचला असं कळलं तर तोंड पाडणार.

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. मी आटपाडीकडची, नाव मंगल. सातवीनंतर शाळा सुटली. मिस्टर केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. माल भरला की दिल्लीच्या बाजूला जातात ते आठ-दहा दिवस तोंड दिसत नाही. बुऱ्हाणपूरला येऊन आम्ही वरच्या मजल्यावर खोली घेतली, चौदा पायऱ्यांची. ओळखीचं माणूस नाही. इथले लोक मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. मी नुसती मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात हे.

"नवीन आली का तू? जिन्याचा दांडा पाह्यला? प्ले हाये. मरशील."

एवढं बोलून गेले. मला वाटलं, धमकी देऊन गेला माणूस. दिवसभर कडी लावून बसले. संध्याकाळी ठोकल्याचा आवाज आला म्हणून फटीतून बघितलं, तर हे जिन्यात बसून दांडा पक्का करत होते आणि त्या दांड्याला शिव्या देत होते.

तेव्हापासून मी त्यांना फिटरकाका म्हणते.

आता आईचं. आईचा उजवा गुडघा पार झिजला होता. जन्मभर दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत खुरपलं तिने. शेवटी खाली बसली की उठायला दोन माणसं लागायची. माझे भाऊ म्हणायचे, "वय झालं, दुखायचंच." इथे मी एका बाईंना पाहिलं. गुडघा बदलून घेतलेला आणि बाजारातून पिशवी घेऊन चाललेल्या. ते माझ्या डोक्यात बसलं. मीच फोन केले, मीच हट्ट धरला. थोरला भाऊ म्हणाला, "परमुलखात नेऊन म्हातारीचा पाय कापतीस. काय झालं तर तुझ्या गळ्यात." मी म्हटलं, "असू दे माझ्या गळ्यात." बोलायला काय जातं!

ऑपरेशन झालं. टाके सुकले, वॉकर सुटला, सपाट जागेवर आई तुरुतुरु चालायला लागली. मी देवापुढे साखर ठेवली. आणि मग तिसऱ्या महिन्यात तिने पहिल्यांदा म्हटलं, "मंगल, गुडघा सटाकतोय गं."

सपाटीवर नाही. जिना उतरताना. खुर्चीतून उठताना. पाय अर्धा वाकला की आतून काहीतरी पुढे सरकल्यासारखं होतं म्हणाली, आणि संध्याकाळी गुडघा सुजून भोपळा.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मोठे, सज्जन, बाहेर पन्नास माणसं बसलेली. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. "एक्स-रे तो एकदम किताब जैसा है. माजी, कैसा है?"

आईने दोन्ही हात जोडले. "बरं हाय, देवा."

मी बाहेर आल्यावर तिला म्हटलं, "अगं सटकतो म्हणून का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "एवढा मोठा माणूस विचारतोय, त्याला वाईट कसं सांगायचं?"

पुढच्या वेळी मीच सांगितलं, घाबरत घाबरत, अर्धं हिंदीत. डॉक्टरांनी आईला टेबलावर झोपवलं. आईने लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं, पाय काठीसारखा ताठ केला आणि छताकडे बघत राहिली. परक्या पुरुषाचा हात, तिने जन्मात असं कुणाला हात लावू दिला नव्हता. डॉक्टरांनी ताठ पाय डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहिला. घट्ट. "सब ठीक है. मन का डर है. एक्सरसाइज करो."

मन का डर! हे शब्द मी किती जणांकडून ऐकले. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, मन का डर. मिस्टर पानिपतच्या पुढून फोनवर म्हणाले, भीती बसली असेल. भाऊ म्हणाला, "तुझ्याकडं राहून लाडावली ती." मला संताप यायचा. आई दोन मैल ओझं घेऊन चालणारी बाई. साप निघाला तर चपलेने मारायची. तिला जिन्याची भीती?

पण खरं सांगायचं तर शेवटी मीही म्हटलं. एका सकाळी ती पायरीवर अडली तेव्हा मी ओरडले, "आई, किती घाबरशील? उतर की!" ती उतरली. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला आणि ती दांडा धरून धपकन खाली बसली. मी लेक म्हणून मेले त्या दिवशी.

खाली फिटरकाका दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. जिना चढून वर आले आणि माझ्यावरच कडाडले.

"तिले कायले बोलून राह्यली? ती घाबरली म्हणून सरकलं का? आधी सरकलं, मग घाबरली! मी पाह्यलं ना. अर्धा पाय वाकला, गुडघा पुढे गेला, मग तिचं तोंड बदललं. पहिले काय, मागून काय, एवढं तर पाहा!"

एवढ्या दिवसांत आईच्या बाजूने बोलणारा हा पहिला माणूस. आई पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "व्हय फिटरदादा. तसंच होतंय."

"मग डॉक्टरले कायले बरं हाये म्हणता? तो काय तुमच्या घरी जेवायले आला?"

दुपारी ते परत आले. हातात एक फाइल. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, उजव्या गुडघ्यावर मधोमध उभा वण. शिवण मारल्यासारखा. दोन वर्षं शेजारी राहून आम्हाला पत्ता नव्हता.

"हे इंदूरचं काम. आम्ही बी त्याच कंपनीचे. त्या सर्जनचं डोकं खाल्लं मी, पंधरा दिवस. त्याले म्हटलं, समजावल्याशिवाय कापू देणार नाही."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. गुडघ्यात वर मांडीचं हाड, खाली नळीचं. दोन्हीची झिजलेली टोकं कापायची, वर-खाली धातूच्या टोप्या बसवायच्या, मधे प्लास्टिकची गादी. "कापलं की जागा होते. पाय सरळ केला की एक जागा. पाय वाकवला की मांडीच्या हाडाची मागची बाजू येते खाली, ती दुसरी जागा. जागा दोन, गादी एक! दोन्हीकडे सारखी बसली पाहिजे. मागून हाड जरा जास्त कापलं, नाही तर टोपी एक नंबर लहान लागली, तर सरळ पायात एकदम टाइट आणि वाकला की ढिल्ला. एक्स-रे काढते कसा? पाय सरळ करून! मग तो किताबच दिसणार."

आईच्या फाइलमध्ये आत बसवलेल्या भागांची स्टिकरं चिकटवलेली होती. ती त्यांनी भिंगातून वाचली. "गादी-गादीत बी फरक असते. काहीच्या मधी खुंटी असते, ती हाडाले पुढे जाऊ देत नाही. माझी खुंटीवाली. तुमच्या आईची बिनखुंटीची. त्याच्यात मागची लिगामेंट, देवाने दिलेली, तीच धरून ठेवते. चांगली असते ती बी. पण जागा ढिल्ली राह्यली आणि देवाची दोरी बी थकलेली, मग धरणार कोण?"

मला निम्मं कळलं. पण आईने मान डोलावली. "बैलगाडीच्या चाकासारखं की. उभ्या गाडीला कळत न्हाई, वळणावर चाक डुलतं."

काकांनी आईकडे असं पाहिलं की जणू मिलमध्ये नवीन, कामाचा माणूस भरती झाला.

आता तपासणी. काकांना आईच्या पायाला हात लावायचा नव्हता. परक्या बाईचा पाय. म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिकडून हुकूम सोडायला लागले.

"कॉटच्या काठावर बसव. पाय लटकव. ढिल्ला सोडायचा बिल्कुल. सोडला?"

"सोडला."

"आता गुडघ्याच्या खाली नळीले दोन्ही हातांनी धर. हळूच, दुधाचं पातेलं ओढते तसं, आपल्याकडे ओढ. सरकलं?"

सरकलं. माझ्या हाताखाली आईचं हाड पुढे आलं आणि परत गेलं.

"किती? दोन सूत?"

"जास्त, काका."

"अंदाजे नाही सांगायचं! बोट लावून पाहा."

"तीन सूत."

भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी कपाळावर हात मारला. मग स्वतः स्टुलावर बसून मला त्यांचा गुडघा तसाच ओढायला लावला. खांब ओढल्यासारखं वाटलं. "असं पाहिजे," ते म्हणाले. "मशीन बंद करून तपासून राह्यले सगळे. चालू मशीनवर हात ठेवायले कुणी तयार नाही. आणि वरून त्या बाईले म्हणते, मन का डर!"

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात गेज. मला धडकी भरली होती. हा माणूस डॉक्टरांना काही बोलला तर ते आईला हात लावायचे नाहीत, मग मी कुठे जाऊ?

आत गेल्यावर आईला पेशंटच्या स्टुलावर बसायला सांगितलं. काकांनी तिला थांबवलं, स्टूल हलवला, उलटा केला आणि खिशातून एक नाणं काढून त्याचा स्क्रू पिळायला लागले. डॉक्टर बघतच राहिले.

"ये क्या चल रहा है?"

"साब, आपके स्टूल में प्ले था. रोज पचास लोग बैठते हैं. किसी ने बताया?"

"नहीं."

"कोई नहीं बताएगा. आप पूछोगे कैसा है, तो बोलेंगे, बरं हाय."

"आप डॉक्टर हैं?"

"फिटर."

डॉक्टरांचा चेहरा कठीण झाला. ते आईकडे वळले. "माजी, तकलीफ है कि नहीं, आप बताओ."

आईचे हात आपोआप जोडले गेले. तोंडातून "बरं..." एवढं आलं आणि काका इतक्या जोरात खाकरले की बाहेरची नर्स आत डोकावली. आईने हात खाली घेतले. म्हणाली, "बरं न्हाई, देवा. वाकला की सटाकतो. मी खोटं बोलत न्हाई आणि भीत बी न्हाई."

मी ते हिंदीत सांगितलं. इतकं पटपट हिंदी मी आधी कधी बोलले नव्हते.

"टांग मोड़ के देखो, साब," काका म्हणाले. "सिस्टर को पास खड़ा करो, बाई शरमाती है. टांग लटका के, ढीली छोड़ के. हाथ जोड़ के विनती है." आणि खरोखर हात जोडले. रागातच, पण जोडले.

पडदा ओढला. काका पडद्याच्या बाहेर होते तरी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग डॉक्टर बाहेर आले, हात धुतले, खुर्चीत बसले. घाई गेली होती त्यांची.

"है. मोड़ने पर ढीला है. मैंने हर बार टांग सीधी ही देखी."

मला वाटलं, आता काका डॉक्टरांना सोडत नाहीत. पण त्यांनी फक्त विचारलं, "कितना?"

"करीब दस मिलीमीटर."

"तीन सूत," काका माझ्याकडे बघून म्हणाले. सातवीपर्यंतच्या शाळेत मला असा शेरा कुणी दिला नव्हता.

मी रागावणार कुणावर, हीच पंचाईत झाली. डॉक्टरांवर? पण त्यांनी मान्य केलं. आईवर, ती "बरं हाय" म्हणत राहिली म्हणून? की माझ्यावर, मीच तिला जिन्यात ओरडले म्हणून? तिघांनी मिळून एक गुडघा चार महिने लपवून ठेवला होता. आपल्यासारखी माणसं डॉक्टरपुढे गेली की आजारी माणसाऐवजी पाहुणे होतात, आणि पाहुणा कधी म्हणतो का, भाजी खारट झालीय? मला आजही याची चीड येते.

डॉक्टरांनी आधी सहा आठवडे पट्टा आणि मांडीचे व्यायाम दिले. स्नायू घट्ट झाले तर काहींचं त्यावरच भागतं म्हणाले. काका खालून मोजायचे. आई वर खोलीत पाय उचलणार, हे खालून, दिसत काही नाही, नुसता कॉटचा आवाज ऐकून ओरडणार: "बारा नाही झाले! अकरा झाले!" आई म्हणायची, "ह्या माणसाच्या हाताखाली मिलमधी माणसं टिकली कशी?" पण बारावा उचलायची.

सूज उतरली, सटकणं कमी झालं, गेलं नाही. मग डॉक्टरांनी मोठ्या शहरातून दुसरे सर्जन बोलावले. दोघांनी मिळून ठरवलं: गादी काढून जाड आणि खोलगट गादी घालायची, म्हणजे हाड तिच्या कुशीत बसेल. सरळ पायात ती घट्ट होऊ नये म्हणून तिथे आतून थोडी जागा मोकळी करायची. आणि उघडल्यावर तेवढ्याने भागत नाही असं दिसलं तर टोप्याच बदलायच्या, मोठं काम. "मोड़ के भी देखोगे ना, टांके डालने से पहले?" काकांनी त्या नव्या सर्जनला विचारलं. सर्जन हसले नाहीत. म्हणाले, "दोनों तरह देखूंगा."

ऑपरेशनच्या सकाळी फॉर्म आला. पहिल्या वेळी सही मीच केली होती, बेधडक. या वेळी पेन हातात धरला आणि हात थिजला. माझ्या सहीनेच तर आई त्या पायरीवर बसली होती. मिस्टर ट्रकवर. भावाला फोन लावला, तर म्हणाला, "एकदा कापलंस, आता परत? आम्हाला नको विचारू." आणि ठेवला. नर्स म्हणाली, "जल्दी करो, ओटी तैयार है." मी त्या कागदाकडे बघत राहिले आणि अक्षरं पोहायला लागली.

"दे इकडे," काका म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, सगळा फॉर्म वाचला, अगदी बारीक अक्षरंसुद्धा. एका ठिकाणी छपाई वाकडी आहे म्हणून पुटपुटले. मग सही केली. रुग्णाशी नाते या रकान्यात त्यांनी मिलमधल्या नकाशावर लिहितात तशा सुट्या, सरळ अक्षरांत लिहिलं: सख्खा भाऊ.

दोन सुताला कधी दीड सूत न म्हणणारा हा माणूस. नर्स फॉर्म घेऊन गेली. मी म्हटलं, "काका, सख्खा?"

"मग काय? चुलत लिहिलं असतं तर त्याईनं सख्खा कुठं हाये म्हणून विचारलं असतं. रिकामं बोलू नको." आणि बाकड्याचा पाय हलवून पाहायला लागले.

गादी बदलण्यावर भागलं. सर्जन बाहेर येऊन आधी काकांपाशीच गेले आणि हाताने गुडघ्यासारखं करून दाखवलं, सरळ आणि वाकवून. काका मान हलवत राहिले.

अडीच महिन्यांनी आई जिना उतरली. चौदा पायऱ्या, एका हातात चप्पल, कारण तिला चपलेने पाय घसरेल असं वाटत होतं, आणि दुसरा हात मोकळा. काका खाली जिन्याकडे पाठ करून उभे. पावलांचा आवाज ऐकत होते. शेवटच्या पायरीनंतर म्हणाले, "ठीक हाये," आणि घरात निघून गेले. आई त्यांच्या पाठीकडे बघून हसली. म्हणाली, "आमचा दादा लाजतोय."

गेल्या महिन्यात आई आटपाडीला गेली. एसटीच्या पायऱ्या स्वतः चढली. ती गेल्यावर तिचं सामान आवरताना काकांची इंदूरची फाइल सापडली. दवाखान्यात दाखवायला नेली होती, ती आईच्या पिशवीतच राहिली. परत द्यायच्या आधी मी उघडली. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे कळतं मला. पण मला छापलेलं काही दिसलं की बोट ठेवून वाचायची सवय आहे, शाळा सुटलेल्या माणसाला असते.

स्टिकरं होती. खुंटीवाली गादी, नंबर वगैरे. त्याच्या मागे त्यांचा फॉर्म. तीच सुटी, सरळ अक्षरं. रुग्णाचं नाव. खाली रुग्णाशी नाते, तिथे लिहिलं होतं: स्वतः. कुणीतरी शेजारी हिंदीत शेरा मारलेला, मरीज के साथ कोई नहीं. आणि तातडीने कळवायचं झाल्यास फोन नंबर, तिथे एक नंबर आणि पुढे: मिल गेट.

रिटायर झाल्यावरचं ऑपरेशन ते. त्या गेटवर आता यांना ओळखणारा पहारेकरी तरी असेल का, कोण जाणे. पण कळवायचं झालं तर तिथे कळवा, असं लिहून हा माणूस एकटा टेबलावर जाऊन झोपला होता. आणि आमच्या आईच्या कागदावर सख्खा भाऊ.

मी फाइल द्यायला गेले. काका दारात बसले होते, डावा पाय चोळत.

"डावा बी आता आवाज करून राह्यला," म्हणाले.

"मग करून घ्या ना."

"पाहू. तिथं कागदावर सही..." एवढं म्हणून थांबले. मग एकदम भडकले. "तुझी ही चप्पल पाह्य! अंगठा सुटून राह्यला. पडशील कुठं तरी. काढ, दे इकडे."

मी चप्पल काढून दिली. ते ती शिवत बसले, चपलेच्या कंपनीला शिव्या देत. मी अनवाणी उभी राहिले आणि मनात ठरवून टाकलं.

तो डावा गुडघा कधी ना कधी करावा लागणार. इंदूरला असो नाही तर कुठेही, मी बरोबर जाणार. मिस्टर ट्रकवर असले तरी जाणार. फॉर्म मी भरणार, बारीक अक्षरंसुद्धा वाचणार, आणि सही करताना हात थिजू देणार नाही. ते आईचे सख्खे भाऊ, तेव्हा नात्याच्या रकान्यात मी लिहीन: भाची. आणि खाली फोन नंबर माझा.